‘दुरुस्ती’चं बटण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेतला ब्राउझरमध्ये भरायचा सभासद-माहितीचा फॉर्म आठ महिन्यांपूर्वी मी बदलला. आता तो उघडतो तेव्हा सगळे रकाने नुसते वाचण्यापुरते असतात. ‘दुरुस्ती’ दाबलं की लिहिता येतं, जतन केलं की पुन्हा बंद.

कारण होतं माउसचं चाक. कर्सर वारसाच्या हिश्श्याच्या रकान्यात असताना पान खाली सरकवायला चाक फिरवलं, की क्रोम ब्राउझरमध्ये ५० टक्क्यांचे ४८ व्हायचे. मग फोन नंबर बदलून जतन करताना तो चुकीचा हिस्साही गुपचूप जाऊन बसायचा. वारसाच्या बाबतीत अशी चूक म्हणजे उद्या घराघरात भांडण. फॉर्म नुसता वाचताना असं होणं आता पूर्ण थांबलंय, आणि माझ्यासाठी तेही पुष्कळ आहे.

सुरुवातीला मी सरसकट ‘डिसेबल्ड’ (रकाना पूर्ण निष्क्रिय करणारा, फॉर्मच्या कोडमध्ये लिहायचा शब्द) वापरलं, ते चुकलं. डिसेबल्ड रकान्यातली माहिती सर्व्हरकडे जातच नाही. सभासद क्रमांक कायम बंद ठेवलेला, त्यामुळे नोंद कोणाची हेच कळेना. त्याऐवजी ‘रीडओन्ली’ (फक्त वाचता येईल असा रकाना) वापरलं, तर माहिती जाते, टॅबने तिथे पोचता येतं, नंबर कॉपीही करता येतो. काउंटरवरच्या ताईंना हे कॉपी करणं दिवसातून कितीतरी वेळा लागतं.

रीडओन्लीचेही त्रास आहेत. कोडमध्ये त्याच्यापुढे ‘फॉल्स’ (म्हणजे ‘नाही’) लिहिलं तरी रकाना बंदच राहतो. तो शब्दच काढून टाकावा लागतो. ड्रॉपडाउन आणि चेकबॉक्सवर तर त्याचा काही परिणामच नाही. तिथे मी वाचताना साधा मजकूर दाखवतो आणि दुरुस्तीच्या वेळीच खरा ड्रॉपडाउन आणतो. पिनकोडवरून आपोआप भरणारा तालुका रीडओन्ली आहे. तो ‘रिक्वायर्ड’ (भरणं सक्तीचं) असून रिकामा राहिला तरी ब्राउझर अडवत नाही, कारण रीडओन्ली रकाने तो तपासतच नाही. ती तपासणी सर्व्हरवर घेतली. तशीही ती तिथे हवीच, कारण ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’मधून (पानाचा कोड बघण्या-बदलण्याच्या सोयीतून) रीडओन्ली कुणीही काढू शकतो.

दिसण्याचं मात्र मनावर घ्या. बंद रकाना उघड्यासारखाच दिसत होता, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कीबोर्ड बिघडला म्हणून दोनदा बदलून घेतला. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) बंद रकान्यांना चौकट काढून फिकट राखाडी पार्श्वभूमी दिली, त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही.

एक उणीव अजून आहे. ‘दुरुस्ती’ दाबलं की सगळा फॉर्म उघडतो. पत्ता बदलायचा असेल तर वारसाचा भाग बंदच राहावा, म्हणून आता प्रत्येक भागाला वेगळं बटण देतोय.