सेतोमात दोन दिवस: मुक्काम व्हॅर्स्काला की ओबिनित्साला?

एस्टोनियाच्या आग्नेय टोकाला, रशियाच्या सीमेला लागून सेतोमा हा वाल्ड आहे. वाल्ड म्हणजे तिथली ग्रामपंचायत म्हणा, पण पसारा तालुक्यासारखा. २०१७ मध्ये मिकितामॅए, व्हॅर्स्का, मेरेमॅए आणि मिस्सोचा काही भाग जोडून तो तयार झाला. दीडशेहून जास्त वाड्या-वस्त्या, आणि सगळी मिळून माणसं तीन हजारांच्या आसपास. सेतो या इथल्या लोकसमूहाचा निम्म्याहून अधिक मुलूख, त्यांच्या बाजारपेठेच्या पेत्सेरी गावासकट, आज सीमेपलीकडे आहे. इकडे जे उरलं, त्यात त्यांनी आपली भाषा, गाणी आणि देव जपले आहेत.

तार्तू या एस्टोनियातल्या विद्यापीठाच्या शहरात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्याला शनिवार-रविवारात हे बघून होतं. मुक्कामासाठी मात्र व्हॅर्स्का आणि ओबिनित्सा यांतून एक निवडावं लागतं.

बरोबर आई-वडील किंवा लहान मुलं असतील, तर व्हॅर्स्का. वाल्डचा कारभार इथूनच चालतो, दुकानं आहेत. गाव प्स्कोव्ह सरोवराच्या खाडीवर आहे. इथलं खनिज पाणी देशभर बाटल्यांतून विकलं जातं, आणि खाडीतला औषधी चिखल वापरून उपचार करणारं आरोग्यधामही आहे. शेतघराचं संग्रहालय चुकवू नका. चारही बाजूंनी इमारती, मधे अंगण आणि पुढे भक्कम दरवाजा अशी जुनी सेतो वस्ती पाहताना आपला वाडा आठवतोच.

ओबिनित्सा त्याहून बरंच लहान. सोयी कमी, संध्याकाळनंतर सामसूम. तरीही एकट्याने किंवा मित्रांबरोबर जाणाऱ्याला मी ओबिनित्साच सुचवेन, आणि त्याचं कारण लेलो. लेलो म्हणजे सेतो बायकांचं समूहगान. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात, आणि सगळ्यांच्या वर एकच धारदार आवाज चढतो, त्याला किल्लो म्हणतात. पुढची ओळ पुष्कळदा गाता गाताच रचली जाते. जात्यावर ओवी रचणाऱ्या आजीला ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना ही कला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. २००९ मध्ये युनेस्कोने लेलोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हजारो ओळी मुखोद्गत असलेल्या लेलो-गायिका हिलाना तार्का यांची समाधी याच गावात आहे, आणि तळ्याकाठी 'गाण्याच्या आई'चा दगडी पुतळा उभा आहे. २०१५ मध्ये फिनो-उग्रिक, म्हणजे फिनिश-एस्टोनियनच्या कुळातल्या, भाषा बोलणाऱ्या लोकांची सांस्कृतिक राजधानी म्हणून हेच गाव निवडलं गेलं.

गाडी नसेल तरी ओबिनित्साचं जमतं. तार्तूहून कोइदुलाला जाणारी रेल्वे पिउसाला थांबते, तिथून गाव चार-पाच किलोमीटर. वाटेतच पिउसाच्या वाळूच्या गुहा लागतात. काचेसाठी वाळू खणताना तयार झालेल्या या बोगद्यांत आता हिवाळ्यात वटवाघळं झोपतात. गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. व्हॅर्स्काला मात्र बस किंवा स्वतःची गाडी.

मिकितामॅएला अर्धा तास पुरे, पण तिथला त्सॅसोन बघाच. त्सॅसोन म्हणजे गावाने स्वतः बांधलेलं लाकडी प्रार्थनाघर. पाद्री नसला तरी चालतो, संताच्या दिवशी सगळं गाव जमतं. सीमेवरच्या सात्से गावाला जायचं तर जुना रस्ता विसरा. तो सुमारे एक किलोमीटर रशियाच्या हद्दीतून जायचा, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एस्टोनियाने तो बंद केला. सीमेवरच्या खांबांपलीकडे फोटोसाठीसुद्धा पाऊल टाकू नका.

शाकाहारी असाल तर विचारून खा. सोइर हे सेतोंचं कॅरवे (जिऱ्यासारखा मसाला) घातलेलं ताजं चीज रुचकर असतं, पण त्यात अंडं असतं.

तारीख तुमच्या हातात असेल, तर दोन दिवस लक्षात ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सेतो राज्याचा दिवस असतो. पेको हा त्यांचा पिकांचा देव, तोच त्यांचा राजा, आणि तो झोपलेला असल्याने त्याचा प्रतिनिधी लोक निवडतात. ज्याच्यामागे रांग सर्वांत लांब, तो जिंकला. हा दिवस दरवर्षी वेगळ्या गावात भरतो, त्यामुळे आधी ठिकाण बघा, मग मुक्काम ठरवा.

१९ ऑगस्टला मात्र ओबिनित्साच. चर्चमधली प्रार्थना संपली की घरोघरची माणसं आपल्या पितरांच्या थडग्यांवर टेबलक्लॉथ पसरतात, घरून आणलेलं मांडतात आणि तिथेच जेवतात. पाहुण्यालाही बोलावतात. कॅमेरा पिशवीत ठेवून बसा, आणि हातात दिलेला घास नाकारू नका.