आठ मीटर चाळीस

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळालं आणि आठवड्याभरात आमच्या नववीतल्या लेकीनं नेमबाजी शिकायची म्हणून घर डोक्यावर घेतलं. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सासऱ्यांचं लहानपण माणिकरावांच्या आखाड्यात लाठी फिरवण्यात गेलेलं, त्यामुळे पहिला होकार त्यांचाच.

वाघोडिया रोडकडे एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात ‘रेंज’ होती. सर मराठी बोलणारे. पहिल्याच भेटीत म्हणाले, “ताई, देशाची रायफल असोसिएशन १९५१ साली काढली ती दादासाहेब मावळणकरांनी, आणि त्यांचा जन्म आपल्या बडोद्याचा. हा आपल्याच गावाचा खेळ आहे.” माहिती अगदी खरी. आता तेच जास्त झोंबतं.

तीन महिन्यांचे १८,००० आधीच भरायचे होते. पावती मागितली तर “टाकतो व्हॉट्सअ‍ॅपवर”. मग एअर रायफल वापरायला ‘पोलीस परवानगी’ लागते म्हणून आणखी ६,५००. ही शुद्ध थाप. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअरगन घ्यायला नि चालवायला लायसन लागत नाही, ते लागतं .२२ ला आणि त्यापुढच्या बंदुकांना. पण बंदूक म्हटलं की आपण पोलिसाचं नाव ऐकूनच पाकीट काढतो.

पहिल्या दिवसापासून लेक धडाधड छर्रे मारायला लागली. आम्हाला वाटलं, वा, काय शिकवतात! चांगल्या रेंजवर नवख्याला आधी छर्रा न भरता नुसतं उभं राहायला नि रायफल धरायला लावतात, ट्रिगरवर बोट कधी ठेवायचं ते घोटून घेतात, नेम धरायचा नसला की नळीत रंगीत दोरीचा सेफ्टी फ्लॅग घालायला लावतात. हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे फ्लॅग नव्हता. छर्रा शिशाचा असतो, हात धुवा, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. पोरं क्लास सुटला की त्याच हातांनी खाली गाडीवर सेव-उसळ हाणायची. त्यात माझीही.

स्कोअर मात्र झकास. दहा शॉटमध्ये ९२, ९४. रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच्या आसपास भोकं पडलेली बघून ह्यांनी कार्डं फ्रिजवर चिकटवली. सर म्हणाले, “पोरीला थेट मावळणकर स्पर्धेला नेतो, स्वतःची रायफल तेवढी घ्या.” सेकंडहँड जर्मन रायफल, १,१५,०००, रोख. मी बँकेत आहे. ‘रोख’ शब्द ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. नाही टवकारले.

मावळणकर ही नॅशनलच्या आधीची पायरी. तिथे असोसिएशनमार्फत, राज्य स्पर्धेत स्कोअर करून जावं लागतं. कुणी सर हाताला धरून नेत नाही. हे समजलं ते दुसऱ्या रेंजवर, लेकीच्या मैत्रिणीसोबत सहज गेलो तेव्हा. तिथे लेकीनं दहा शॉट मारले. ७६. पुन्हा मारले. ७४. बिचारीचे डोळे भरले. तिथले कोच कार्ड बघत एवढंच म्हणाले, “बेन, तमारी रेंज मापी छे?”

रविवारी ह्यांनी घरातली लोखंडी टेप घेतली. सर नव्हते, झाडू मारणाऱ्या पोरानं दार उघडलं. भिंतीवर लाल अक्षरात ‘१० मीटर’. फायरिंगच्या रेघेपासून टार्गेटपर्यंत टेप ताणली, दोनदा ताणली. आठ मीटर चाळीस. जागा कमी होती म्हणून कार्डंच पुढे आणलेली! विचारल्यावर सर म्हणाले, “ताई, नव्या मुलांना जवळून देतात, कॉन्फिडन्स येतो.” मग भिंतीवर दहा का लिहिलंय? त्यावर गप्प.

रायफलचं तर विचारू नका. तिच्या नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरतात. आमच्या सिलिंडरवर अ‍ॅकॅडमीचं चकचकीत स्टिकर होतं. नव्या कोचनी अंगठ्याच्या नखानं ते खरवडलं. खाली धातूत कोरलेले बारीक आकडे: बनवल्याचा महिना-वर्ष आणि कधीपर्यंत वापरायचं ते. मुदत २०२१ मध्येच संपलेली. त्यांनी हवा भरायला साफ नकार दिला; म्हणाले, फुटलं तर पोरीच्या गालाजवळ फुटेल. बावीस वर्षं चेक हातात आला की मी आधी तारीख बघते. माझ्या लेकीच्या गालाला टेकणाऱ्या वस्तूवरची तारीख मी बघितली नव्हती.

तुमचं मूल नेमबाजीला घालणार असाल तर टेप घेऊन जा, लाजू नका. रायफल घ्यायची तर सिलिंडर स्टिकर काढून दाखवा म्हणा. स्पर्धेचं आमिष दाखवलं तर क्लब असोसिएशनशी संलग्न आहे का, ते राज्याच्या असोसिएशनलाच विचारा.

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवलीय. फी आणि रायफलीचे पैसे रोख दिलेले, त्याचा कागद नाही, त्यामुळे तिथे सर ‘बघू’ म्हणतात. परवानगीचे ६,५०० मात्र मी यूपीआयनं पाठवले होते आणि बँकेतल्या सवयीनं शेऱ्यात ‘पोलीस परवानगीसाठी’ असं लिहिलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. तेवढे पैसे त्याच संध्याकाळी परत आले.