दसरा चौकातलं दिवाळी फराळ संकलन: देणाऱ्यांसाठी परीक्षण

वसुबारसेच्या आधी आठवडाभरापासून कोल्हापुरात दसरा चौकाजवळ फराळ गोळा करायचं टेबल लागतं. चालवणारी पोरं पदवीच्या शेवटच्या वर्षाची, बरीचशी बोर्डिंगात राहणारी. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासूनची या गावाची ही ओळख. फराळ जातो ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर.

कौतुक करावं ते या पोरांनी देणाऱ्याच्या तोंडावर 'हे चालणार नाही' म्हणण्याचं. ओल्या नारळाची करंजी, ओलं खोबरं घातलेले रवालाडू लगेच परत. वाटप होईपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात वास सुटतो. बेसनलाडू, शंकरपाळी, पातळ पोह्यांचा चिवडा चालतो. चकली मोडून बघतात, कारण गरम असतानाच डब्यात भरली की वाफ धरते आणि नरम पडते. वर्तमानपत्रात बांधलेलं घेत नाहीत, तेलाला शाई लागते. एका पुड्यात पाव किलो चिवडा, पाव किलो शंकरपाळी, सहा चकल्या, चार लाडू. लाडू तळाला, चिवडा वर; उलटं भरलं तर चिवड्याचा भुगा.

पणत्या आणि फटाकेही नकोत. कोप्या उसाच्या वाळक्या पाचटाच्या असतात, एक ठिणगी पुरे. द्यायचीच असेल तर बॅटरी द्या, सेलसकट.

वाटपाचा हिशेब तर अनेक जाणत्या मंडळांनी शिकावा असा. मजूर आणणारा मुकादम टोळी किती मोठी ते सांगतो कोयत्यांत, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वीस कोयते म्हणून चाळीस माणसं धरली की पोरं आणि म्हातारी वगळली जातात. म्हणून ही मुलं आदल्या दिवशी जाऊन कोपीगणिक माणसं मोजून येतात. टोळी पहाटेच उसाच्या फडावर जाते, त्यामुळे वाटप दिवे लागल्यावर, पुडा थेट कोपीतल्या बाईच्या हातात. फोटो नाही, डिजिटल बोर्ड नाही (कोल्हापुरात हे नवलच!). प्रत्येकाच्या जोडीला दुसऱ्या वर्षाचा एक जण असतो. मुकादमांचे नंबर आणि याद्यांची वही त्याच्याकडेच राहते. पुढच्या दिवाळीला ही बॅच नसणार, पण टेबल लागणार.

उणिवाही आहेत. परीक्षा असली की टेबल चारनंतरच उघडतं, आणि तसा फलक कुठे नसतो. रोख पैशांची पावती साध्या चिठ्ठीवर देतात. छापील पावतीपुस्तक हवंच. घरून न्यायला येतात ते दुचाकीवर, त्यामुळे पिशवीतले लाडू फुटतात. घट्ट झाकणाचा डबा द्या, पण परत मिळेल ही आशा ठेवू नका, नाव घातलेला असला तरी. पाच किलोंच्या वर असेल तर आदल्या दिवशी सांगा. धनत्रयोदशीनंतर आणलेलं मात्र शेवटच्या गाडीत बसेलच असं नाही.