गुडघा सांभाळून नाशिक : सगळे ऋतू चालून झाल्यावर

आधी हे कोणासाठी आहे ते सांगते. हरिहरच्या पायऱ्या, कळसूबाई, साल्हेर ज्यांना जमतं त्यांच्या कामाचं यात काहीच नाही. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतात, आणि डॉक्टरांनी दोघींना एकच सांगितलंय : रोज चाला, पण चढ बेताचा. कॉलनीतल्या जॉगिंग ट्रॅकवर गोल गोल फिरून दोघीही कंटाळलो, म्हणून मागच्या पावसाळ्यापासून शहरातल्या आणि शहराला लागून असलेल्या झाडीतल्या वाटा धुंडाळायला लागलो. आता पावसाळा, थंडी, ऊन सगळं पाहून झालंय, तेव्हा मत द्यायला हरकत नाही.

मत असं की नाशिकात वाट सोपी की अवघड हे किलोमीटरवर ठरत नाही. महिना कुठला आणि किती वाजता निघालात, यावर ठरतं. जानेवारीत सकाळी नऊला जिथे शाल गुंडाळून रमतगमत फिरता येतं, तिथेच एप्रिलमध्ये नऊ वाजता डोकं तापतं. ‘नाशिकची हवा थंड’ या जुन्या कौतुकावर विसंबून मार्चनंतर उशिरा बाहेर पडू नका.

सगळ्यात जास्त गेलो ते पांडवलेणीला. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार, आणि डोंगराच्या कुशीत वनखात्याचं पंडित नेहरू वनोद्यान. आमच्यासारख्यांसाठी खरी सोय वनोद्यानाचीच. वाटा रुंद, चढ सौम्य, सावली दाट, आणि कुठूनही मागे वळता येतं. कुठल्याही वाटेवर हे मागे वळता येणं मी आता सगळ्यात आधी बघते. काही वाटा जाताना उताराच्या असतात आणि दमलेल्या पायांना परतीचा चढ देतात. इथे तसं होत नाही. पावसाळा संपता संपता हिरवं सगळ्यात छान असतं, पण डास सुटी घेत नाहीत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून जा. शनिवार-रविवारी शाळकरी मुलांची झुंबड असते. पक्षी ऐकायचे असतील तर मधला वार धरा.

लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या वेगळ्या. दगडी आहेत, रुंद आहेत, पण पायऱ्याच आहेत. सासूबाई थांबत थांबत चढल्या. मी विचारलं, “आई, दमलात का? परत फिरू या?” तर म्हणाल्या, “तू हो पुढे, मी श्वास घेतेय, म्हातारी झालेली नाही.” ज्यांना पायऱ्या मुळीच चालत नाहीत त्यांनी खालीच फिरावं, त्यात काही कमीपणा नाही. चढता येत असेल तर मात्र चढाच, कारण वर जे आहे ते महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. त्रिरश्मी डोंगरात ओळीने कोरलेली चोवीस लेणी, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, मुलाच्या पराक्रमाचं आईने केलेलं वर्णन. आणि दहाव्या लेण्यात शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख.

हे उषवदाताचे लेख चालणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावेत. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, बागा, तळी, विहिरी केल्या, नद्या ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, असं त्याने दगडात लिहून ठेवलंय. (आमच्या एका ट्रॅकवरचा पिण्याच्या पाण्याचा नळ कित्येक महिने कोरडा होता, तेव्हा मला हा गृहस्थ फार आठवायचा.) पुढे त्याहून मजेशीर मजकूर आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचं नाही, व्याजच वापरायचं. सासूबाईंनी लगेच हिशेब केला, “म्हणजे वर्षाला बारा टक्के! आणि आपली बँक ज्येष्ठ नागरिक म्हणून किती देते बघ.” उतरताना निम्म्या वाटेपर्यंत हाच विषय होता. गुडघा दुखल्याचं त्या दिवशी मला जाणवलं नाही.

लेखातल्या गोवर्धनाचं नाव आजही गंगापूर गावाजवळच्या एका गावाला आहे, आणि आमची दुसरी नेहमीची वाट त्याच बाजूची. आनंदवल्ली, नवश्या गणपती, पुढे सोमेश्वर. आनंदवल्लीचं नातं राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्याशी आहे हे नाशिककरांना सांगायला नको. नदी जवळ, झाडं मोठी, सोमेश्वराचं देऊळ आणि बाग. चालणं सपाट. एरवी सकाळी इथे आमच्यासारखेच चार गुडघेवाले भेटतात.

पावसाळ्यात मात्र ही वाट मी सोपी म्हणणार नाही. सोमेश्वरचा धबधबा, ज्याला सगळे दूधसागर म्हणतात, तो जोरात असतो तेव्हा गर्दीही तशीच असते, आणि काळ्या खडकावर शेवाळ धरलेलं असतं. कठड्याच्या आतून बघा आणि परत या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता वाढते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात काठावरच्या गोदापार्कच्या फरशांची काय गत झाली ते शहराने पाहिलंय. नदीकाठी सुंदर पायवाट बांधायची हौस आपल्याला आहे, नदीला तिची जागा द्यायची फारशी नाही, असं माझं स्पष्ट मत.

पाणी किती वाढलंय ते बघायला जुनी युक्तीच बरी : गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? कमरेला लागलं म्हटलं की त्या आठवड्यात नदीकाठचं चालणं रद्द.

गंगेवरची सकाळ हा तिसरा प्रकार. झाडी इथे नाही, पण सपाटी भरपूर आहे, आणि जुनं नाशिक पायी बघण्यासारखं. रामकुंड, १७४७ चं नारोशंकराचं देऊळ आणि त्याची घंटा, वर काळाराम मंदिर, जिथे २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. बुधवारी जाऊ नका, किंवा मग चालायला न जाता पिशवी घेऊन बाजारालाच जा. फरशी ओली आणि बुळबुळीत असते, हा सासूबाईंचा आक्षेप मला मान्य आहे.

तिथून तपोवनापर्यंत गेलं की झाडी सुरू होते. कपिला-गोदावरी संगम, वड, कडुनिंब, आणि थंडीत नदीवरून उठणारं धुकं. शहराच्या इतक्या जवळ इतकी सावली दुसरीकडे मिळत नाही. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी इथली झाडं काढण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस लोक रस्त्यावर उतरले होते, ते का, हे इथे एकदा अकरा वाजता उन्हातून येऊन झाडाखाली उभं राहिलं की कळतं. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर सुरू आहेत, त्यामुळे घाट आणि तपोवन या बाजूला निघण्याआधी कुठला रस्ता बंद आहे ते विचारून घ्या.

थंडीतलं पहिलं नाव नांदूरमधमेश्वर. शहरातून गाडीने तास-सव्वा तास, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं पाणी. १९८६ पासून अभयारण्य, आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चालायला याहून सोपी जागा मला माहीत नाही : चापडगावच्या बाजूने झाडांच्या कडेकडेने सपाट वाट, मध्ये निरीक्षण मनोरे. आणि पक्षी : चमचे, शराटी, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाकांच्या जोड्या. स्थानिक गाईड घ्याच. आम्हाला ज्या मुलाने फिरवलं त्याने दुर्बीण लावून दिली नसती तर आम्ही सगळ्यांना ‘बदक’ म्हणून परतलो असतो. गरम कपडे विसरू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नीचांकी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात येते ती याच निफाडची. पहाटे हात खिशाबाहेर काढवत नाहीत. होळीनंतर पक्षी पांगतात, मग एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. सातपूरचा फाशीचा डोंगर : नाव ऐकून सासूबाईंनी आधी नकार दिला होता, पण २०१५ पासून लोकांनी लावून जगवलेली देशी झाडं आता बऱ्यापैकी उंच झालीत आणि चढ सोसण्यासारखा आहे. म्हसरूळची चांभारलेणी : पायऱ्या सलग आणि उघड्यावर, आमच्यासाठी बाद. आशेवाडीचा रामशेज : किल्ल्यांमध्ये सोपा, १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त काळ मुघलांशी झुंजलेला, मी सासूबाईंना न घेता गेले, पावसाळ्यानंतर, गुडघ्याला पट्टा बांधून. अंजनेरी : वर न जाता फक्त पायथ्याच्या रानातून चाला, सप्टेंबरात. नाशिकात लख्ख ऊन असतं तेव्हा तिथे ढगात काही दिसत नाही, आणि रानफुलांसाठी तेवढं भिजणं परवडतं. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जात इथली. फुलं तोडू नका, सेल्फीसाठी त्यांच्यात बसूही नका.

बिबट्याचं विचारतात सगळे. आम्हाला दिसला नाही. पण आहे. जानेवारी २०१९ मध्ये तो गंगापूर रोडच्या सावरकरनगरात भर सकाळी फिरत होता, आणि उसाचे मळे शहराला टेकलेले आहेत. आमचा नियम साधा आहे : उजाडल्यावर निघायचं, सूर्य मावळायच्या आत गाडीपाशी, नदीकाठी आणि डोंगरपायथ्याला एकट्याने जायचं नाही, आणि कानात इअरफोन नाही. मोकाट कुत्र्यांचा त्रास बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यासाठी हातात काठी असावी. ती उतरताना गुडघ्यालाही उपयोगी पडते.

स्वच्छतागृह हा बायकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न आणि त्यावर कोणी लिहीत नाही. बऱ्याच जागी कुलूप किंवा आत जाववत नाही अशी अवस्था. आम्ही वाट ठरवतानाच जवळचं बरं हॉटेल हेरून ठेवतो, चहा घेतला की सोय होते. रविवारी चहाऐवजी मिसळ होते. गंगापूर रोड काय, मखमलाबाद काय, मळ्यातल्या मिसळीला तोटा नाही. डॉक्टरांना यातलं चालणं तेवढं सांगतो.