हिपॅटायटिसच्या गोळीसोबत ताकदीच्या गोळ्या: कुठली ठेवायची, कुठली परत करायची

हिपॅटायटिसची गोळी सुरू झाली की दुसऱ्या दिवसापासून घरात सल्ले सुरू होतात. एवढ्याशा गोळीने काय होणार, लिव्हरला ताकद नको का? मग बी-कॉम्प्लेक्सची पट्टी येते, लिव्हर टॉनिकची बाटली येते, गावाकडून काविळीची माळही येते. माळ गळ्यात राहते, तिचं औषधाशी भांडण नाही. पोटात जाणाऱ्या गोष्टींचं असू शकतं.

आधी पाहायचं ते आजार बी आहे की सी. सीचा हिशोब छोटा आहे. सोफोस्बुव्हिरसोबत व्हेल्पाटास्व्हिर किंवा डॅक्लाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले ९५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक विषाणूतून सुटतात. इथे जीवनसत्त्वाने भर घालायला जागा उरलेली नाही. ‘ड घेतलं की औषध जास्त लागू पडतं’ ही समजूत इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळातली. तेव्हा अनेकांना गुणच येत नसे, म्हणून ड आणि बी१२ जोडून पाहिलं गेलं. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. नव्या गोळ्या आल्या आणि तो वादच मागे पडला.

बीचं तसं नाही. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर वर्षानुवर्षं चालतं, ते विषाणूला दाबून ठेवतं. गोळी मनाने बंद केली तर विषाणू उसळतो, कधीकधी जिवावर बेतेल इतका. त्यामुळे ‘महिनाभर औषध थांबवून नुसती शक्तीची गोळी घेतो’ हा पर्यायच नाही.

आता एकेक पट्टी समोर ठेवू.

ड जीवनसत्त्वाला माझं मत मिळतं, पण रिपोर्ट पाहून. लिव्हरच्या जुनाट आजारात त्याची कमतरता नेहमी सापडते. त्यात जुन्या प्रकारचं टेनोफोव्हिर, ३०० मिलिग्रॅमचं, किडनीवाटे फॉस्फेट वाया घालवू शकतं आणि हाडांची घनता थोडी उतरवतं. रक्तात ड कमी निघालं तर ते भरून काढावंच. फक्त ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक असते. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढवून घेतलेली माणसंही असतात. आणि हाडं आधीच ठिसूळ असतील तर ‘कुठलं कॅल्शियम घेऊ’ याच्या आधी ‘माझी गोळी बदलता येईल का’ हे विचारा. टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, २५ मिलिग्रॅमचं, हाडांना आणि किडनीला बरंच सौम्य आहे.

कॅल्शियमची आणखी एक खोड. व्हेल्पाटास्व्हिर विरघळायला पोटात आम्ल लागतं. कॅल्शियम कार्बोनेट आणि अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं ते आम्ल मारतात, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवतात. पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

बी-कॉम्प्लेक्सने सहसा बिघडत काही नाही, सुधारतही फारसं नाही. दारूची सवय असलेल्यांना बी१ ची खरी गरज असते, तेवढा अपवाद. पण ही पट्टी घाबरवते फार. आमच्या मामांनी दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि पहाटे फोन: लघवी पिवळीजर्द, कावीळ परत आली! ते रायबोफ्लेविन होतं, म्हणजे बी२. जादा झालं की ते लघवीला झगझगीत पिवळा रंग देतं. काविळीची लघवी गडद असते, कोऱ्या चहासारखी. गोळी थांबवली, दोन दिवसांत रंग गेला. तरी रक्त तपासून आले, त्याशिवाय झोप येईना.

ई जीवनसत्त्वाचं नाव होतं ते फॅटी लिव्हरमुळे. रोज ८०० युनिट देऊन मधुमेह नसलेल्या रुग्णांत फायदा दिसला होता, विषाणूशी त्याचा संबंध नव्हता. दोन्ही दुखणी असतील तर तो वेगळा निर्णय.

लोह आणि अ जीवनसत्त्व मी सरळ परत करेन. दोन्ही लिव्हरमध्येच साठतात आणि जास्त झाली तर त्यालाच इजा करतात. लोह हवं ते तपासणीत कमी निघालं तरच. मल्टिव्हिटॅमिनच्या एका गोळीत दोन्ही दडलेली असू शकतात, पट्टीची मागची बाजू वाचा.

लिव्हर टॉनिकांत बऱ्याचदा सिलिमरिन असतं, म्हणजे मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांचा अर्क. इंटरफेरॉनने गुण न आलेल्या हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना ते नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत २४ आठवडे दिलं गेलं. २०१२ साली निकाल आला. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत जास्त उतरला नाही. गुळवेलीचा काढा त्याहून अवघड जागेचं दुखणं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमधल्या लिव्हरच्या इजेची नोंद छापली, आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वाद कुणीही जिंको, उपचार चालू असताना एसजीपीटी वाढलं तर विषाणू की काढा हे डॉक्टरांना उकलत बसावं लागतं. त्यापेक्षा बिनसाखरेची काळी कॉफी बरी. ती पिणाऱ्यांत लिव्हर कडक करणारे व्रण (फायब्रोसिस) कमी दिसतात.

पैशांची बाजू मजेशीर आहे. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात विषाणूवरचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. खिशातून जातो तो बाटल्यांचा खर्च.

वेळांचं सांगायचं तर एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी. ड जेवणासोबत, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबर शोषलं जातं. रात्री झोपताना एक, दुपारी जेवताना दुसरं, असं बसवता येतं. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवर हिपॅटायटिस बीच्या तपासणीचा आकडा चुकवतं, आणि मग निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवर घरात पेढे वाटले जातात.