श्टुटगार्टची संध्याकाळ आणि उद्यमबागेची रात्र
जर्मनीत १९९४ च्या कायद्यानुसार दिवसाचे काम साधारणतः ८ तासांचे असते आणि दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते; त्यामुळे श्टुटगार्टमधील सहा वर्षांत कारखान्याबाहेर पडलो की माझा फोनही शांत होत असे. बेळगावला परतून उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, रुजू झालो आणि ही सवय मोडली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरवले, परंतु देखरेख करणाऱ्या इंजिनिअरला त्याचा आधार क्वचितच मिळतो. रात्री साडेनऊला, ताटात भाकरी वाढलेली असताना, फोन येतो : "साहेब, साचा फुटलाय, येतासा काय?" आणि भाकरीवर ताट झाकून मी निघतो.

मात्र आईला अचानक दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा अर्ज न लिहिता मी पाळी सोडली आणि शेजारच्या विभागातील कन्नडभाषक सहकाऱ्याने माझी भट्टी रात्रभर सांभाळली. तिकडे रजा भरपूर होती, पण ती महिनोन् महिने आधी ठरवावी लागे. इकडे गणपतीला खानापूरकडची मंडळी गावी गेली, तरी उरलेले लोक कुरकुर न करता काम ओढतात.

तरीही मुलांच्या झोपेआधीचा तास मला तिकडच्यासारखाच हवा आहे. म्हणून आठनंतर केवळ भट्टी किंवा अपघात यांसाठीच फोन करावा, असे मी पाळीप्रमुखांना सांगितले असून बहुतेक दिवशी ते पाळले जाते.