देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात दहाव्या-तेराव्याला बोलवावेत असे गुरुजी

देवगड, पडेल, विजयदुर्ग या बाजूला उत्तरकार्यासाठी गुरुजी शोधत असाल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल. गुरुजींचं नाव इथे घालत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वाघोटण खाडीच्या अलीकडच्या गावांत विचारलंत तर कळेल.

माझा भाचा गेल्या ऑक्टोबरात वीज पडून गेला. वय 19. कलमांच्या बागेत ग्रासकटरने गवत काढत होता, परतीचा पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबला. पोस्टमॉर्टेम, तलाठ्याचा पंचनामा हे सगळं उरकून घरी आणेपर्यंत गावात कारणं ठरलीसुद्धा होती. यंदा राखणदाराची राखण, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा मान, द्यायची राहिली. बांधावरचं जुनं झाड तोडलं ते देवचाराला, म्हणजे तिथल्या रक्षक आत्म्याला, चाललं नाही. कुणी म्हणालं करणी आहे, देवाला कौल लावून विचारून बघा. ही सगळी आपलीच माणसं. रात्री जागायला हीच आली, पेजेची भांडी यांच्याच घरून आली. पण प्रत्येकाच्या बोलण्यातून एकच निघत होतं, की या घराचं काहीतरी चुकलं.

सुरुवातीला जे गुरुजी बोलावले ते हे नव्हेत. ते तालुक्याच्या गावाहून आले, विधीला पक्के होते, पण तिसऱ्या दिवशी ताईसमोर बसून म्हणाले, “मागच्या जन्मीचं देणं असतं, ते असं फिटतं. शोक करू नये.” ताई एवढंच बोलली, “माज्या झिलान कोणाचा काय वाकडा केल्यान?” आणि उठून आत गेली. संध्याकाळी गरुडपुराण लावलं, त्यात यममार्ग, वैतरणी, पाप्यांना होणाऱ्या यातना. आतल्या खोलीत आई ऐकतेय, तिचा मुलगा त्याच वाटेवर आहे असं तिला वाटतंय, आणि आपण पानं उलटतोय. भावोजींनी हात जोडून वाचन थांबवलं आणि त्या गुरुजींची दक्षिणा देऊन टाकली.

मग हे आले. वय साठीच्या पुढे, स्कूटरवरून, पिशवीत पळी-पंचपात्री आणि दर्भ. आल्याआल्या विधीचं काहीच बोलले नाहीत. मुलगा काय शिकत होता, बागेत कोण कोण होतं, ताई जेवते का, हे विचारलं. राखण चुकल्याचं कुणीतरी काढलं तेव्हा म्हणाले, “राखण द्यायची असेल तर जरूर द्या, ती आपली रीत आहे. पण वीज उंच झाडावर पडते. राखण दिलेल्या बागेतही पडते.” तेराव्याला जेवणं झाल्यावर त्यांनी पोरांना बसवून प्रत्येकाच्या फोनवर दामिनी ॲप घालायला लावलं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ते ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असला की इशारा देतं. बागेत काम करणाऱ्या कुणाच्याही फोनवर ते नव्हतं. तेराव्याच्या मांडवात भटजी हे करतोय हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवले. कावळा शिवायला वेळ लागला, आणि अशा वेळी माणसं कुजबुजायला लागतात की काहीतरी इच्छा राहिली आहे. भावोजींचे हात कापत होते. बापाने मुलाचं करायचं म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शास्त्रात सोय आहे, कुणी मनात काही आणू नका.” कुजबुज थांबली.

अकराव्याच्या रात्री माझ्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीने त्यांना सरळ विचारलं, “देव सर्वशक्तिमान आणि दयाळू दोन्ही असेल, तर हे का?” गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, हा प्रश्न वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात आहे, तिथे आक्षेपाची नावंच वैषम्य आणि नैर्घृण्य अशी आहेत. म्हणजे कुणाला सुख, कुणाला दुःख देणारा देव पक्षपाती तरी आहे नाहीतर निर्दय तरी. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. भाताचं भात आणि जवाचं जव होतं ते बियाण्यामुळे. बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. मुलगी म्हणाली, मग पहिलं बी कुणी पेरलं? तर त्याचंही उत्तर पुढच्याच सूत्रात आहे, संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाही.

माझं यावर समाधान झालं नाही आणि मी तसं बोललो. अनादि म्हटलं की प्रश्न मागे मागे सरकतो, सुटत नाही. शिवाय प्रत्येक मरणामागे हिशेब असेलच, तर मग दुसऱ्याला सावरायला धावणारा माणूस त्या हिशेबात ढवळाढवळ करतो असं होईल. 1934 साली बिहारात भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, आणि रवींद्रनाथांनी त्याला उघड विरोध केला. उद्देश कितीही चांगला असो, ढिगाऱ्याखाली मेलेल्या पोरांवर त्याचं ओझं लादायचं नसतं, हे मला आजही पटतं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “कर्माचा सिद्धांत मी मानतो. पण तो माझ्यापुरता, उद्या मी कसं वागायचं ते ठरवायला. दुसऱ्याच्या दारात बसून त्याचं पाप मोजायला तो दिलेला नाही. मोजायला बसलेल्याला शास्त्र कळलेलं नाही.” त्यांचं माझं इथे पूर्ण जमलं नाही, पण आमच्या घरात तेवढ्या दिवसांत कुणी बोललेलं सगळ्यात सच्चं वाक्य हेच.

ताईशी मात्र ते यातलं काही बोलले नाहीत. तिच्या शेजारी पाटावर बसून त्यांनी महाभारताच्या वनपर्वातली द्रौपदी सांगितली. वनवासात ती युधिष्ठिराला म्हणते, विधाता माणसांशी आईबापासारखा वागत नाही, रागावलेल्या परक्यासारखा वागतो. पोर खेळणी जोडतं आणि मोडतं तसं त्याचं चाललंय. युधिष्ठिर तिला म्हणतो हे नास्तिकासारखं बोलणं झालं, मी धर्माचा व्यापार करत नाही, फळासाठी धर्म पाळत नाही. ताईने विचारलं, “मग तिका पटला?” गुरुजी म्हणाले, “पुढे तिचे पाचही मुलगे झोपेत मारले गेले, बाई. पटलं असेल असं मला वाटत नाही. पण तिचं बोलणं व्यासांनी पुसलं नाही, पोथीत ठेवलं. तुम्हीही बोला देवाला काय बोलायचं ते.” त्या रात्री ताई देव्हाऱ्यासमोर खूप बोलली, मोठ्याने, शिव्यांसकट. कुणी अडवलं नाही.

आता न पटलेल्या गोष्टी. दक्षिणा विचारली की “जमेल ते द्या” म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण दुःखाच्या घरात किती द्यावं याचा घोळ होतो आणि भावकीत त्यावरून बोलाबोली होते. त्यांनी आकडा सांगायला हवा. सामान स्वतः आणत नाहीत. यादीही तोंडी सांगतात, त्यामुळे बाराव्याला सपिंडीच्या (गेलेल्याला पितरांत मिळवण्याच्या विधीच्या) ऐन वेळी जवाचं पीठ आणायला पोराला बाजारात पिटाळावं लागलं. सपिंडीचे मंत्र फार भरभर झाले, अर्थ सांगितला असता तर भावोजींना आधार वाटला असता. गरुडपुराण पूर्ण वाचून हवंच असेल तर आधी बोलून घ्या. घरात तरुण मरण असेल तर ते यातनांचा भाग वाचत नाहीत, आणि आमच्या एका चुलत्यांना ते खटकलं होतं.

यादी आदल्या दिवशी कागदावर उतरवून घ्या. आणि फोन करताना वेळ-वार सांगायच्या आधी कोण गेलं, कसं गेलं ते सांगा, म्हणजे ते तयारीने येतात.